कडी आतून लावून घ्या

लैंगिक प्रश्नांच्या या सदरात मागच्या अंकात मी बायकांना हातआरसा घेऊन स्वतःकडे एकदा नीट बघायला सांगितलं होतं. त्यावर कार्यालयातून आलेलं पत्रांचं पाकीट नेहमीपेक्षा जाड निघालं. दोन पत्रं तर आंतरदेशीय कार्डावर, तिन्ही कडांना डिंक थापून. त्यातलं एक इतकं घट्ट चिकटवलं होतं की उघडताना मधल्या दोन ओळी फाटल्या. त्या कोणत्या असणार हे मला साधारण कळलं. त्यांच्याकडे शेवटी येते.

एका पत्रावर मात्र जास्त वेळ थांबणार आहे, कारण तेच पत्र वेगवेगळ्या हस्ताक्षरांत सात-आठ जणींनी लिहिलंय.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझं वय ४४. हायस्कूलला शिकवते. लग्नाला २१ वर्षं झाली. मिस्टर चांगले आहेत, व्यसन नाही, अंगावर हात टाकणं नाही. संबंध आठवड्या-पंधरवड्यातून होतात, दहा मिनिटांत आटपतं. बायकांच्या वाट्याला एवढंच असतं असं मी धरून चालले होते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत हे मुलांना घेऊन गावी गेले आणि मी पेपर तपासायचे म्हणून मागे राहिले. त्या दुपारी मी स्वतःच स्वतःला... आणि जे झालं ते काय झालं तेच कळेना. वाटलं बी.पी. वाढलं. नंतर खूप रडले. त्यानंतर तीन-चार वेळा असं झालंय. दर वेळी अंघोळ करते आणि संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना हात थरथरतो. हे चुकीचं आहे का? मी ह्यांना फसवतेय का? आणि ह्यांच्याबरोबर तसं का होत नाही?
– एक शिक्षिका, सांगली जिल्हा

उत्तर : शाळेत तुम्हाला सगळे 'बाई' म्हणत असतील, मीही तेच म्हणते. बाई, बी.पी. वाढलं होतं हे खरंच आहे. त्या क्षणी नाडी आणि रक्तदाब दोन्ही चढतात, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू एका ठेक्यात आवळतात आणि सुटतात, आणि थोड्या वेळात सगळं जागेवर येतं. दोन जिने चढल्यावरही बी.पी. वाढतंच की. पुस्तकात याला कामतृप्ती म्हणतात. हा शब्द मी आजवर एकाही पेशंटच्या तोंडून ऐकलेला नाही. आमच्याकडे येणाऱ्या भाजीवाल्या मावशी एकदा म्हणाल्या होत्या, "आभाळ भरून येतंय न् मग सरीवर सर येऊन मोकळं हुतंय, तसं." तेव्हापासून मी तीच व्याख्या वापरते. तुमचं रडू त्याच सरींतलं. पुष्कळ जणींना येतं.

आता चूक की बरोबर. हात स्वच्छ असावेत, नखं कापलेली असावीत, घरातल्या भलत्यासलत्या वस्तू वापरू नयेत. एवढं पथ्य पाळलं की डॉक्टर म्हणून मला हरकतीचा एक मुद्दा काढता येत नाही. कंबर धरणं, पांढरं जाणं, नजर अधू होणं, यातलं काहीही याच्यामुळे होत नाही. अंघोळ करायची तर घाम आला म्हणून करा. दिव्याचं म्हणाल तर तो तुमचा आणि देवाचा मामला, मी मध्ये पडत नाही. एकच विचारते. स्वतःचे दुखरे गुडघे तेलानं चोळून झाल्यावर दिवा लावताना हात थरथरतो का? हात तेच, शरीरही तेच.

फसवणूकही मला दिसत नाही. २१ वर्षं जे तुम्हाला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, ते तुम्ही ह्यांच्यापासून लपवणार कसं?

तुमचा तिसरा प्रश्न खरा. ह्यांच्याबरोबर का होत नाही? त्याचा ह्यांच्या चांगुलपणाशी संबंध नाही, जागेशी आहे. माझ्या ओपीडीत त्या सगळ्या प्रदेशाला एकच नाव आहे : 'खाली'. खाली खाज सुटते, खाली आग होते, खाली काहीतरी आलंय. 'खाली' म्हणजे बेंबीपासून गुडघ्यापर्यंत कुठंही. लघवीची जागा वेगळी आणि पाळीची वेगळी, हेसुद्धा तीन बाळंतपणं झालेल्या बायकांना मी आरसा धरून दाखवलंय. मग त्या दोन्हींच्या वर, दोन ओठ जिथं एकत्र येतात तिथं, मटारच्या दाण्याएवढं आणखी काही असतं आणि त्याला नाव असतं, हे कुठून कळणार? शिश्निका. इंग्रजीतून आलेला क्लिटोरिस हा शब्द तुम्ही वाचला असेल. मराठी नाव मला फारसं आवडत नाही. ते ऐकलं की पुरुषाच्या मापाची छोटी आवृत्ती काढल्यासारखं वाटतं. पण दुसरं रुळलेलं नाही, तर तेच घेऊ.

काही वर्षांपूर्वी मी एका बाईंना हे कागदावर काढून दाखवत होते. माझं चित्र इतकं वाईट की ते मलाच कळेना. दवाखान्याच्या मागच्या खोलीत आमच्या मावशी पोळ्या लाटत होत्या. त्यांच्या परातीतून कणकेचा गोळा आणला आणि टेबलावर करून दाखवलं. वर एक दाणा, त्यावर पातळ टोपी. दाण्यामागून बोटासारखा दांडा आत जाऊन वाकतो. मग त्याला दोन पाय फुटतात आणि ते दोन्ही बाजूंच्या हाडांना धरून खाली उतरतात. पोरं कैऱ्या पाडायला बेचकी करतात ना, ती उलटी धरल्यासारखं. शिवाय योनीच्या तोंडाच्या दोन्ही अंगांना दोन फुगीर गाद्या. उत्तेजना आली की या सगळ्यात रक्त भरतं. सगळं मिळून नऊ ते अकरा सेंटिमीटर, बाहेर दिसतो तो फक्त दाणा. त्या बाई कणकेकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढं सगळं माझ्यात आहे?" मावशी दारातून म्हणाल्या, "माझ्यात पण आहे का ओ?" त्या दिवशी पोळ्यांना उशीर झाला.

हसण्यावारी नेऊ नका, मलाही हे कुणी शिकवलं नव्हतं. एम.बी.बी.एस.ला शवविच्छेदनाच्या टेबलावर हाताची एकेक नस आम्ही वेगळी करून पाहिली, पण या भागाला जेमतेम अर्धा परिच्छेद. कोबेल्ट नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं १८४४ सालीच ही रचना तपशिलात रेखाटली होती. पुढे पुस्तकांतून ती गळत गेली. मेलबर्नच्या शल्यचिकित्सक हेलन ओ'कॉनेल यांनी १९९८ मध्ये ती पुन्हा नीट मांडली, तेव्हा मी पदव्युत्तर परीक्षा देऊन बाहेर पडत होते. या दाण्याच्या नसेत आठ हजार तंतू असतात असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं, आणि तो आकडा म्हणे गाईंवरच्या अभ्यासातून उचललेला! माणसाच्या नसेतले तंतू अमेरिकेत ओरेगनमध्ये मोजले गेले, ते जाहीर झालं २०२२ साली. दहा हजारांहून जास्त भरले. चंद्रावर माणूस उतरून तोवर पन्नासावर वर्षं झाली होती.

आता तुमची दहा मिनिटं घेऊ. योनिमार्गाच्या आतल्या भागाला स्पर्शाची जाण फार कमी असते. म्हणून तर पाळीचं रक्त झेलायला आत ठेवतात तो कप नीट बसला की तो आत आहे हे विसरायला होतं. जाण सगळी बाहेर आणि दाराशी. संबंधात जो भाग येतो तो आतला, आणि जो जागा आहे तो राहतो बाजूला. अमेरिकेत हजारावर बायकांच्या पाहणीत, २०१७ साली ती प्रसिद्ध झाली, केवळ आतल्या संबंधानं तृप्ती होते असं सांगणाऱ्या पाचात एक एवढ्याही भरल्या नाहीत. म्हणजे वेगळ्या तुम्ही नाही. वेगळी असेल तर ती पाचवी. त्या दुपारी तुमच्या हाताला जो पत्ता सापडला, तो ह्यांना कुणी दिलाच नव्हता.

तो द्यायचा कसा? शिक्षिका आहात म्हणून आधी काय करू नका ते सांगते. पेपरच्या समासात लाल शाईनं 'निष्काळजीपणा' लिहितात, तसं नको. 'एकवीस वर्षं मला काहीच मिळालं नाही' हे वाक्य खरं असलं तरी पुरुषाच्या कानात ते 'तू नापास' असं पडतं, आणि नापास झालेला मुलगा पुढच्या बाकावर येऊन बसत नाही. अंथरुणात विषय काढू नका. संध्याकाळी चालायला जाता का? दोघांची तोंडं एकाच दिशेला असली की अवघड बोलणं सोपं जातं. एवढंच म्हणा, "मला एक नवीन कळलंय, तुम्हाला दाखवायचंय." नंतर खोलीत शब्दांची गरज कमी पडते. त्यांचा हात धरून न्या. जोर किती, वेग किती, कुठं थांबायचं, हे तुमचा हातच सांगेल. दाण्यावर थेट दाब बहुतेकींना सोसत नाही, आजूबाजूनं आणि टोपीवरून बरं वाटतं. तुमचं काय ते तुम्हाला आता माहीतच आहे.

अवघडलेपण फार असेल तर एक जुना व्यायाम आहे. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी जोडीनं तो १९७० च्या सुमारास रुजवला आणि आजही आम्ही देतो. दोनेक आठवडे संबंध ठेवायचाच नाही, असं आधी ठरवायचं. आठवड्यातून दोन-तीनदा, पंधरा-वीस मिनिटं, आळीपाळीनं एकानं दुसऱ्याला नुसता स्पर्श करायचा. पाठ, मान, तळपाय. सुरुवातीला छाती आणि 'खाली' दोन्ही वर्ज्य. ज्याला स्पर्श होतोय त्यानं काय बरं वाटतं तेवढंच सांगायचं. कुठं पोचायचं नसलं की माणूस रस्ता बघतो. बरीच जोडपी दुसऱ्या आठवड्यात नियम मोडून येतात आणि ओशाळून सांगतात. मी रागवत नाही.

सात-आठ पत्रांपैकी तिघींनी लिहिलंय की, 'ह्यांना वाईट वाटू नये म्हणून आम्ही झाल्याचं नाटक करतो.' एकदम कबुलीजबाब देऊ नका. फक्त पुढच्या खेपेपासून नाटक थांबवा. चुकीच्या उत्तरावर बरोबरची खूण केली की मुलगा तेच उत्तर पाठ करतो.

आणि हे सगळं जमलं तरी तुमची एकटीची दुपार सोडायची गरज नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे बाईला एकटं बसून चहा प्यायलाही निमित्त लागतं, पेपर तपासायचे असं सांगावं लागतं. निमित्त लागलं तर सांगा. कडी आतून लावून घ्या.

प्रश्न : वय ५७. पाळी जाऊन सहा वर्षं झाली. संबंधाच्या वेळी आत सोलवटल्यासारखं होतं, नंतर दोन दिवस लघवीला जळजळ. इच्छा मेली आहे असं नाही, पण दुखण्याच्या भीतीनं मी रात्री उशिरापर्यंत ओट्याशी काहीतरी काढून बसते. मैत्रीण म्हणाली स्वच्छता कमी पडते, म्हणून रोज जंतुनाशक पाण्यानं आतून धुते. फरक नाही.
– नाशिक

उत्तर : धुणं आजपासून बंद. योनीत लॅक्टोबॅसिलस नावाच्या जिवाणूंचं विरजण लागलेलं असतं. त्यामुळे ती आंबूस राहते आणि बाहेरचे जंतू तिथं टिकत नाहीत. ती स्वतःच स्वतःला साफ करते. पाळी गेली की इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक उतरतं, आतली त्वचा पातळ आणि कोरडी होते, विरजणही विरळ होतं. जे थोडं उरलंय ते तुम्ही रोज जंतुनाशकानं मारताय. बाहेरून साधं पाणी पुरे. सुगंधी वॉशच्या बाटल्यांवर खर्च करायचा तर त्या पैशांत मोगऱ्याचे गजरे घ्या.

दुखणं मनाचं नाही आणि वयाचा भोगही नाही, त्याला औषध आहे. औषधाच्या दुकानात पाण्यावर आधारलेलं ल्युब्रिकंट मिळतं, ते संबंधाच्या वेळी दोघांनीही लावायचं, आणि कंजुषी न करता. शुद्ध खोबरेल तेल अनेकींना चालतं, मात्र कंडोम वापरत असाल तर तेल नको, रबर कमजोर होऊन फाटतं. एवढ्यानं भागलं नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासून घेऊन आत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम. सहसा पहिले दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. गोळ्यांच्या मानानं त्यातलं फारच थोडं रक्तात जातं. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी त्या डॉक्टरांना विचारायचं. गुण यायला काही आठवडे लागतात. संबंधानंतर लघवीला जाऊन यायची सवय ठेवा. तोवर दात-ओठ खाऊन उरकू नका. एकदा दुखलं की पुढच्या वेळी स्नायू आधीच आवळून बसतात आणि जास्त दुखतं. यजमानांना स्पष्ट सांगा की औषध चालू आहे, नाहीतर ओट्यावरची आवराआवर त्यांना नकार वाटत राहील.

प्रश्न : मी २४ वर्षांचा, पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. सहा-सात वर्षांपासून हस्तमैथुनाची सवय आहे, आठवड्यातून तीन-चार वेळा. हल्ली थकवा येतो, वाचलेलं लक्षात राहत नाही, गाल बसलेत. एकानं सांगितलं, वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे चाळीस थेंब. साडेचार हजारांचा कोर्स घ्यावा का? लग्नानंतर त्रास होईल का?

उत्तर : तुला अरे-तुरे करते, माझा मुलगा तुझ्याहून मोठा आहे. कोर्स घेऊ नकोस. त्या पुड्यांत काय असतं ते पुडीवर लिहिलेलं नसतं, आणि एसटी स्टँडच्या भिंतीवर ज्यांची पाटी रंगवलेली असते त्यांना तुझं उत्पन्न विचारायचं असतं, प्रकृती नाही.

चाळीस थेंबांचा हिशोब शरीरात कुठंच होत नाही. वीर्य रक्तापासून आटवून बनत नाही. त्यात मुख्यतः ग्रंथींचा पाझर असतो आणि त्यात शुक्रजंतू, जे वृषणात अखंड तयार होत असतात. एक तुकडी तयार व्हायला साधारण दोन-अडीच महिने लागतात आणि मागे नवी तुकडी चालूच असते. बाहेर काढलं नाही तर शरीर जिरवतं किंवा झोपेत सोडतं. साठून अंगात ताकद होत नाही, गेल्यानं गाल बसत नाहीत. तुझ्यासारखे धास्तावलेले तरुण पेशंट इतके येत की डॉ. नरेंद्र विग या भारतीय मनोविकारतज्ज्ञांनी १९६० साली त्याला 'धात सिंड्रोम' (धात म्हणजे वीर्य) असं नावच दिलं. थकवा खरा असतो, पण तो धास्तीनं आलेला असतो.

संततिनियमन आणि लैंगिक शिक्षणाचा प्रसार करणाऱ्या र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातही वाचक असलेच प्रश्न विचारत. त्यांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, दंड झाला, आणि कर्वे पुढच्या अंकाच्या कामाला लागले. तेव्हा एवढं होऊन गेल्यावर तू चोरट्यासारखं लिहू नकोस, पुढच्या वेळी नाव घातलंस तरी मी छापणार नाही.

आता थकवा. किती तास झोपतोस? मेसमध्ये डाळीत डाळ असते का? हिमोग्लोबिन, बी-१२ आणि व्हिटॅमिन डी तपासून घे, त्या कोर्सपेक्षा स्वस्त पडेल. लग्नानंतर या सवयीनं त्रास होत नाही. एक मात्र बघ. व्हिडिओ लावल्याशिवाय काही होतच नाही, किंवा फार घट्ट पकड आणि घाई अशीच सवय लागली असेल, तर खऱ्या सहवासात अडखळायला होऊ शकतं. मोबाईल बाजूला ठेव आणि सावकाश घे. वीर्यात रक्त दिसलं, लघवीला आग झाली, किंवा अभ्यास टाकून दिवसभर तेच सुरू राहिलं, तर डॉक्टरांना दाखव.

प्रश्न : ह्यांचं वय ६६, माझं ६१. तीन महिन्यांपूर्वी ह्यांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी मीठ, तेल, चालणं सगळं सांगितलं, 'त्याचं' काही सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आता जवळ आले की मला ह्यांच्या छातीचीच भीती वाटते. या वयात विचारणं शोभतं का?

उत्तर : शोभतं. डॉक्टरांनी आपणहून सांगायला हवं होतं. ढोबळ खूण अशी : सलग दोन जिने नेहमीच्या चालीनं चढून छातीत दुखत नसेल, धाप लागत नसेल, तर हृदय एवढं श्रम पेलतं. पुढच्या तपासणीला हे त्यांच्यासमोर सरळ विचारा. एक गोष्ट मात्र गाठ मारून ठेवा. जिभेखाली ठेवायची किंवा रोजची नायट्रेटची गोळी चालू असेल तर ताठरतेसाठीची सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल कधीच घ्यायची नाही. रक्तदाब एकदम कोसळतो, जिवावर बेतू शकतं. मित्रानं दिली म्हणून खिशात एखादी असेल तर आजच विचारून घ्या. हृदयाच्या काही गोळ्यांनी ताठरता कमी होते, पण त्या मनानं बंद करायच्या नाहीत, डॉक्टर बदलून देतात. सुरुवातीला नुसतं कुशीत झोपा. तीन महिने तुम्ही त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकत जागताय, त्यालाही थोडा उतार पडेल.

आता ते फाटलेलं आंतरदेशीय. मिरजेचा शिक्का, निळी शाई, वय ४९. तुमचं पत्र छापलेलं नाही. संबंधानंतर रक्त जातं असं तुम्ही लिहिलंय, आणि फाटलेल्या ओळींत ते किती दिवसांपासून हे असणार. पुढच्या अंकाची वाट बघू नका, याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. गर्भाशयाचं तोंड बघून पॅप किंवा एचपीव्हीची, म्हणजे तिथल्या कर्करोगाची शंका काढायची, तपासणी करतील, पाच-सात मिनिटांचं काम, दुखत फारसं नाही. बऱ्याचदा सूज किंवा साधा कोंब (पॉलिप) निघतो, पण बघितल्याशिवाय ते कुणालाच सांगता येत नाही. सोबत कुणी येत नसेल तर एकट्या जा. या तपासणीला नवऱ्याची सही लागत नाही.